बांधावरची निर्गुडी

सोनाळ्याच्या रस्त्याला मी बांधावरची निर्गुडी तोडत होते. मागून आवाज आला, "शेळी घरीच बांधून आल्या का मॅडम?"

बांध त्याचाच होता. नाव हर्षल. मी खामगावला एम.एस्सी. करते, हे त्याला सांगितलं. या पाल्याच्या काढ्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार होतात, ते जखमेतले जंतू मारतात. कण झाले की काढा तपकिरी होतो.

"म्हणजे आमच्या बांधावर चांदी हाय, अन् आमालेच मालूम नाही," तो हसला.

हसणं आवडलं. उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

त्यानंतर पाला तोच कॉलेजात आणून देऊ लागला, आईच्या जुन्या लुगड्यात बांधून. पण काढा काही तपकिरी होईना. दर वेळी पांढरा, दुधाळ. मी माझ्याच हाताला दोष देत राहिले. शेवटी प्रोजेक्टचे सर म्हणाले, शनिवारपर्यंत जमलं नाही तर विषय वर्गातल्या शंतनूला देतो. वर म्हणाले, मुलींचं लग्न झालं की संपलंच. मी तोंडावर म्हटलं, लग्न तुमचंही झालंय. सगळे हसले, सर सोडून.

शुक्रवारी हर्षलने पहिल्यांदाच माझ्यासमोर गाठोडं सोडलं. पाला लख्ख. पान न् पान चमकत होतं...

"हा तू दर वेळी धुतोस?"

"हाव... रस्त्याची धूळ बसते त्याच्यावर. तुमाले तसा कसा देऊ?"

"कोणत्या पाण्यानं?"

"घरच्या बोअरच्या."

त्याच्याकडच्या बोअरच्या पाण्याने चहा फाटतो, इतकं ते खारं. आणि खारं पाणी लागलं की चांदीचा नुसता पांढरा साका होतो. मला राग आला. पण एवढी पानं माझ्यासाठी कोणी एक-एक करून धुतली नव्हती, हेही खरं.

उद्या धुळीसकट आण, एवढंच म्हटलं.

शनिवारी तो पाला मी क्षार नसलेल्या डिस्टिल्ड वॉटरने धुतला. काढा पिवळा होता, बघता बघता तपकिरी झाला. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि माझ्या वहीवर सही करून गेले. विषय माझाच राहिला.

प्रयोगाच्या वेळी माझ्यासाठी बाटली धरताना हर्षलच्या बोटावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडला होता. बाहेर उन्हात येईस्तोवर बोट काळं.

"हे जाईन कधी?"

"धुतलं तरी लवकर नाही जात."

"आई विचारीन, काऊन काळं झालं." तो थांबला. "तिच्या सुनेनं केलं, सांगू?"

माझंही बोट तसंच काळं होतं. ते मी त्याच्या बोटाला टेकवलं.

"आधी मले विचार."

"तुलेच विचारून राह्यलो, रेवती..." 'मॅडम' नाही, 'तुमी' नाही.

"हाव," मी म्हटलं. "पण पाला धुवायचा नाही."