मावशीला नाही म्हणणारं यंत्र

"हा फोटो मी काढणार नाही," तपासणीचं यंत्र मावशीला म्हणालं.

गोष्ट २०६१ सालची. आमचं गाव कोयनेच्या पाण्यापलीकडं, म्हणून दवाखाना लाँचमधून येतो. त्यात डॉक्टरबाई असतात आणि धन्वी नावाचं हे बोलकं यंत्र. रेवतीमावशीच्या स्तनात हाताला बोराएवढी गाठ लागली होती. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, आजीचं शेंडेफळ, चोवीस वर्षांची. शेजारच्या काकूंनी आईला सांगून ठेवलेलं, "गाठ म्हटली की मॅमोग्राम (स्तनाचा क्ष-किरण फोटो)." आणि हे यंत्र तर चक्क नाही म्हणतंय! म्हणजे आता काही उपयोग उरला नाही, असंच मला वाटलं.

"खरं काय ते सांग ना! मरणार का ती?" मी ओरडलेच.

"अगं ए!" आईनं मला दटावलं.

"मला अजून माहीत नाही," धन्वी म्हणाली. "म्हणून तर तपासणी नीट निवडायची. बाहेर धुकं आहे. त्यात पांढरा बगळा दिसेल?"

"चटकन नाही दिसायचा," मी म्हणाले.

"तरुण वयात स्तनाची घडण बहुधा दाट असते. क्ष-किरणांच्या फोटोत ती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच. मग गाठ नजरेतून सुटू शकते. हातानं तपासणी डॉक्टरांनी केलीच आहे. आता सोनोग्राफी (कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या लाटांनी काढलेलं चित्र). गाठ पाण्याची की भरीव, ते त्यात कळतं. पाण्याची असली तर बहुधा धोका नसतो."

पडद्यावर गाठ दिसली. भरीव होती. मी डोळेच मिटले.

"कडा गुळगुळीत आहे, हे बरं लक्षण," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण चित्रावरून अंदाजच करता येतो. खात्रीसाठी बायोप्सी (सुईनं गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं) करू."

जागा बधिर करून त्यांनी तुकडा काढला. धन्वीला तो तपासायला पंधरा मिनिटं लागली. बाई गं, ती पंधरा मिनिटं! मी सगळे देव पाण्यात घालून बसले होते.

"साधी गाठ आहे. कर्करोग नाही," धन्वी म्हणाली.

मावशी हुंदके देऊन रडली, मीही रडले. आई मात्र मान खाली घालून म्हणाली, "डॉक्टर, मलाही आहे गाठ. दिवाळीपासून. आता संक्रांत आली. म्हटलं, आधी रेवतीची तपासणी होऊ दे."

मला आईचा भयंकर राग आला. आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"मग ताईचीही आधी सोनोग्राफी करा," मावशी घाईनं म्हणाली.

"त्यांचं वय त्रेचाळीस," धन्वी म्हणाली. "या वयात घडण बरीच विरळ झालेली असू शकते, फोटोत जास्त उमगतं. आधी मॅमोग्राम, जोडीला सोनोग्राफी."

"आणि सुई?" आईनं मला विचारलं. मला, डॉक्टरांना नाही!

"लागली तर लागू दे," मी तिचा हात घट्ट धरून म्हणाले. "वाईट निघालं तर उद्यापासून औषध सुरू करता येईल. न बघता गाठ जाणार आहे का?"

आई उठली आणि मॅमोग्रामसाठी यंत्रासमोर जाऊन उभी राहिली.