बांधापलीकडची ओल

उगवतीआधी गावची शेतं निळी दिसतात, याचं आता कुणालाच नवल उरलं नव्हतं. पाणी समितीने गेल्या वर्षी प्रत्येक वावरात ओलदिवे रोवले होते. बोटभर लांबीच्या काचेच्या खुंट्या आणि आत जिवंत जिवाणू. माती ओली असली की ते निळे उजळत, खताचा अंश भरपूर असला की पिवळसर. अंधार दिसला की समजायचं, तिथे तहान आहे. या उजेडाच्या हिशेबाने कालव्याच्या झडपा आपोआप उघडत आणि मिटत. मातीत हात घालून ओल बघायची सवय हळूहळू सुटत चालली होती.

महानंदाला हा पहाटेचा उजेड आवडे. धुक्याखाली तो झोपलेल्या जनावराच्या कुशीसारखा संथ वरखाली होई. आज मात्र ती बांधावर उभी राहून एकाच रेघेकडे बघत होती. तिच्या तुरीच्या बुंध्यांपासून निघालेली निळी रेघ बांधाखालून पलीकडे जात होती आणि धाकट्या जावेच्या ज्वारीत पसरत होती, दुधात विरजण हलकेच मिसळावं तशी.

"ही तुमची गळती," समितीचे बिराजदार म्हणाले. त्यांच्या मागे काळ्या कापडाचं भेंडोळं घेतलेलं एक बुटकं यंत्र घुरघुरत होतं. "तुरीची मुळं खोल. दिवसा पानं खालची ओल वर ओढतात. रात्री पानांची तोंडं मिटली की वर आलेलं पाणी उथळ मुळांतून कोरड्या मातीत पाझरतं."

"म्हणजे तूर पाणी वाटते?"

"सांडते म्हणा. झाडाला कुठली वाटपाची अक्कल? पण सांडतं तुमच्या हिश्श्यातलं. म्हणून झडपा तुमची पाण्याची एक पाळी कापणार. बांधात हा मूळपडदा, मुळं अडवणारं कापड, घातला की मिटलं. ऊन पडायच्या आत सांगा, मला पुढचं गाव गाठायचंय."

"आणि तिची ज्वारी?"

बिराजदारांनी मान खाजवली. "त्यांचं वावर दिव्यांना ओलं दिसलं, म्हणून त्यांचं पाणी आधीच कमी धरलंय. पडद्यानंतर वाढेल, पण पुढच्या हंगामात. यंदाचं वाटप झालं."

पलीकडचं वावर मुरमाड होतं. वाटण्यांमध्ये विहीर आणि काळी माती महानंदाकडे आली, मुरूम धाकटीकडे गेला आणि दोन्ही घरांचं बोलणं तुटलं.

यंत्राचा आवाज ऐकून धाकटी जाऊ सत्यशीला ज्वारीतून बांधापर्यंत आली. पदराला दव लागलं होतं.

"अक्का, पाणी बंद करताय का?"

इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य, आणि तेही असं. महानंदाला काही उमगेना. "कसलं पाणी?"

"रातचं. वाटण्या झाल्यापासून सोडताय की बांधाकडेला. सकाळी माती हाताला गार लागायची. विहीर तुमच्याकडं, दुसरं कोण सोडणार? तुम्हाला सांगायचं नव्हतं, म्हणून मीही गप्प बसले. शेरडांचं लेंडीखत, चुलीची राख टाकत गेले तुमच्या तुरीला. फुकटचं कशाला घ्यायचं?"

महानंदाने खाली पाहिलं. तुरीच्या बुंध्याशी एक मंद पिवळी कड उजळत होती. तुरीचाच गुण असेल, असं ती समजून चालली होती.

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. समोर बिराजदार उभे होते, त्यांनीही काही ऐकलं नाही असं दाखवलं असतं.

"मी नाही गं," ती म्हणाली. "तूर सोडत होती."

सत्यशीला तुरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी तुम्हाला उगाचच माफ करून बसले?"

"घे परत मग."

"आता कुठं परत घेऊ? जुनं झालं ते."

बिराजदार खोकल्याच्या आडून हसले आणि त्यांनी आभाळाकडे पाहिलं. पूर्वेला तांबडं फुटत होतं.

"पडदा नको," महानंदा म्हणाली.

"पाळी जाईल. तुमचा हरभरा ऐन फुलावर आहे."

"विहिरीवर काढीन."

"विहिरीत एका पिकापुरतंच पाणी आहे, बाई."

"माहीत आहे मला. माझीच विहीर आहे."

बिराजदार निघाले, मागोमाग यंत्र घुरघुरत गेलं. उन्हाची पहिली तिरीप आली तसे ओलदिवे एकेक करून मावळले. वावरं पुन्हा साधी झाली, मातीच्या रंगाची. निळी रेघ होती की नव्हती, हे आता डोळ्यांना सांगता येत नव्हतं. सत्यशीलाने वाकून बांधाची माती चिमटीत घेतली, बोटांवर चोळली. मग तीच माती महानंदाच्या तळहातावर ठेवली. ती गार होती.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "पुढच्या महिन्यात तुम्ही तूर काढाल. माझी ज्वारी तेव्हा दाण्यात असेल. मग रातचं पाणी कोण सोडणार?"