पाठकोरा कागद

चौदा नंबरच्या वर्गात चालू पंखा एकच, आणि त्याच्या बरोब्बर खाली रिकामी खुर्चीही एकच. मी तिच्यावर बॅग टाकली आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने एक हेल्मेट येऊन टेकलं.

"मी आधी ठेवली," मी म्हटलं.

"एकाच वेळी ठेवलं आपण," हेल्मेटवाला म्हणाला. कपाळावर घाम, बाहीवर निळ्या रंगाचा ठिपका... आणि चेहऱ्यावर भांडायची काहीच घाई नाही. "तास-तास वाटून घ्यायची?"

"पहिला तास माझा."

"घ्या की. दुसऱ्या तासाला ऊन चढतं, पंखा खरा तेव्हाच लागतो. तेव्हा मी बसेन."

म्हणजे मी तिथेच फसले. मागून कोणीतरी हसलं. वाटाघाटी शिकवणाऱ्या मॅडम दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

"झालं, तुमची जोडी ठरली," त्या म्हणाल्या. "सहा आठवडे तुम्ही दोघं एकमेकांचे विरोधक."

विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गांना लोक हौसेनेही येतात म्हणे. मी आले होते ती नापास होऊन. वार्षिक परीक्षेत वाटाघाटीच्या तोंडीला समोरच्याने जे जे मागितलं त्याला मी तीन मिनिटांत हो म्हणून मोकळी झाले होते. आता एका मालवाहतूक कंपनीचं नेमणूकपत्र माझ्या हातात होतं, पण अट एकच — महिनाअखेर पास झाल्याचा दाखला आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला. घरी मी आणि थोरली बहीण दोघीच. ताई दिवसभर शिलाईच्या मशीनवर वाकलेली असायची. मला ही नोकरी हवी होती, अगदी जीव तोडून हवी होती.

नोकरीत उपयोगी पडेल म्हणून मी जर्मनचाही वर्ग घेतला होता. दुपारी तिथे गेले तर हा तिथेही हजर. रंगाच्या दुकानात कामाला होता. परदेशी कंपन्यांशी बोलता यावं म्हणून मालकाने दोन्ही वर्गांना धाडलेला. सरांनी आम्हाला एका बाकावर बसवलं आणि संभाषणाचे जोडीदार करून टाकलं. म्हणजे सकाळी विरोधक, दुपारी जोडीदार! सकाळी तो माझा एकेक मुद्दा शांतपणे खोडून काढायचा आणि दुपारी माझे उच्चार ऐकून हळूच पाण्याची बाटली पुढे सरकवायचा.

"घशाला लागतात हे शब्द," तो म्हणायचा. "घ्या, पंखेवाली."

"तुम्ही आधी तुमचं बघा, रंगवाले."

तिसऱ्या आठवड्यात कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. आधी कोण म्हणालं यावर अजूनही एकमत नाही.

"आज काय शिकवलं?" ताईने एकदा जेवताना विचारलं. मी सांगत गेले — तो असं म्हणाला, मग मी तसं म्हटलं, मग तो हसला...

"परीक्षा तुझी आहे का त्याची?" ताई म्हणाली. मी भाजी वाढून घेतली.

शेवटच्या तोंडीच्या दोन दिवस आधी मॅडमनी प्रत्येकाला एकेक गोपनीय कागद दिला. तोंडीत मी बाकं बनवणारी, तो बाकं घेणारा. किती दिवसांत माल पोचवता येईल, कुठे ताणायचं, कुठपर्यंत झुकायचं, सगळं माझ्या कागदावर लिहिलेलं. "हा समोरच्याच्या हाती गेला तर दोघंही बाद," मॅडमनी बजावलं होतं.

आता आमच्या घरची सवय सांगते. ताई एक कागद फुकट जाऊ देत नाही. एका बाजूला छापलेलं असलं तरी दुसरी बाजू कोरी आहे ना, मग ठेव! माझ्या वहीत कायम पाठकोऱ्या कागदांची चळत. जर्मनच्या वर्गात जोडीदारासाठी प्रश्न लिहून द्यायचे असतात. आदल्या दुपारी मी त्यातलाच एक कागद ओढला, दहा प्रश्न लिहिले, रंगवाल्याच्या हातात दिला आणि घरी आले.

संध्याकाळी अभ्यासाला बसले तर गोपनीय कागद नाही. बॅग उलटी केली, ताईच्या कापडांचे गठ्ठे उपसले... आणि मग एकदम लख्ख आठवलं. जर्मनचे प्रश्न मी त्याच कागदाच्या पाठीवर लिहिले होते.

फोन उचलला. 'मागची बाजू बघू नकोस' असं लिहिलं आणि लगेच खोडलं. असं सांगितलं की कोण बघायचा राहील? शिवाय त्याने आतापर्यंत वाचला असेल तर? वाचून गप्प बसला असेल तर?

"सरळ जाऊन मॅडमना सांग," ताई म्हणाली.

"मला बाद करतील, ताई. त्यालाही करतील."

"मग नको सांगूस. पण उद्या त्याच्याकडे बघून बोलता येईल का तुला?"

सकाळी साडेआठला मी मॅडमच्या खोलीत उभी होते. एका दमात सगळं सांगून टाकलं. चूक माझी आहे, त्याचा काही दोष नाही, त्याला बाद करू नका...

मॅडमनी टेबलाचा खण उघडला आणि माझा कागद समोर ठेवला.

"आठ वाजता देऊन गेला तो. दोन ओळी वाचल्या, मग कळलं हे काय आहे, म्हणाला. चूक त्याची, त्याने घेताना नीट बघितलं नाही, तुला बाद करू नका." त्यांनी चष्मा काढला. "दोघंही चूक आपलीच म्हणून भांडताय. असल्या लोकांना मी धंदा काय शिकवणार, कपाळ?"

मला हसावं की रडावं कळेना.

"नियम लबाडीसाठी आहे, वेंधळेपणासाठी नाही," त्या म्हणाल्या आणि दुसरं पाकीट माझ्यापुढे सरकवलं. "विषय नवीन. त्यालाही दिलाय. तयारीला अर्धा तास. जा."

नव्या विषयात तो वसतिगृहाचा व्यवस्थापक होता आणि मी धुलाई केंद्राची मालकीण. चादरी आठवड्यातून किती वेळा न्यायच्या, किती वाजता आणून द्यायच्या. वाटलं होतं, आज तरी जरा सांभाळून घेईल. कसलं काय! त्याने एकेका चादरीवरून मला घाम फोडला. मग मीही हट्टाला पेटले. एकदाही पटकन हो म्हटलं नाही. अडतिसाव्या मिनिटाला आमचं जमलं.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. "पास," त्या म्हणाल्या. "दोघंही."

बाहेर पायऱ्यांवर आले तेव्हा कुठे मी नीट श्वास घेतला. तो मागोमाग आला, हेल्मेट काखेत धरून.

"नोकरी पक्की झाली तुझी."

"हो."

"काल फार घाबरली होतीस?"

"नोकरीसाठी घाबरले, पण थोडाच वेळ," मी म्हटलं. "मग वाटलं, नोकरी काय, दुसरी मिळेल. पण तू कागद वाचलास आणि सकाळी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने समोर येऊन बसलास... तर मी काय करायचं? त्याचीच जास्त भीती वाटत होती."

तो हेल्मेटचा पट्टा उगाच लावत होता, काढत होता.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "आता सांगून टाकते. शुक्रवारी वर्ग संपतात, आणि आडून-आडून बोलायला मला अजूनही जमत नाही."

"मंजूर," तो म्हणाला.

"काय मंजूर?"

"सगळंच."

"अरे, विचार तरी कर! मघाशी चादरींसाठी अडतीस मिनिटं घेतलीस."

"चादरींचं वेगळं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तुझ्या बाबतीत मला घासाघीस करायची नाही. पहिल्या आठवड्यापासूनच नव्हती करायची."

मला एकदम हलकं वाटलं. मी तिथेच पायरीवर बसले. तोही हेल्मेट बाजूला ठेवून माझ्या शेजारी बसला.