पितळी दिव्यांची मोटर, चुकलेली कमान

"मिळाला! मामा, हाच तो! मोटर आहे बघा!"

धुंडूने औषधातून नुकताच काढलेला फोटो जवळजवळ ओढलाच.

"अरे, वाळू दे की!" दिनानाथमामा ओरडले. काशीच्या चौकातलं त्यांचं फोटोचं दुकान लग्नाच्या गिऱ्हाइकांनी भरलं होतं. फोटोच्या जुन्या काचांच्या पेटीत तीन दिवस बोटं काळी केल्यावर मुलांना ही एक काच सापडली होती. मामांनी दोन नवरदेवांच्या मधे घाईघाईने तिच्यावरून फोटो छापून दिला होता. "जरा पुसट आलाय, पण पळा आता!"

मुलं तीन होती. तेरा वर्षांची शरदिनी, तिचा धाकटा भाऊ ढुंढिराज म्हणजे धुंडू आणि शेजारचा नऊ वर्षांचा बाळ. धुंडूची मुंज होऊन पंधराच दिवस झाले होते. डोक्यावर नुसती शेंडी राहिल्याने तो कुणाला टोपी काढून दाखवत नसे.

मे महिन्याच्या सुट्टीत ही धावपळ चालली होती ती आनंदीमावशीसाठी. संकठाजी देवीच्या देवळाकडे जाणारी गल्ली मोठ्या रस्त्यावर जिथे सुटते, तिथे एक दगडी कमान होती. तिच्या उजव्या खांबाशी मावशी हार-फुलं घेऊन बसे. आता रस्ता रुंद होणार होता. चौदा सालच्या मोठ्या लढाईच्या आधीपासून जे बसतात त्यांचीच जागा राहील, बाकीचे उठा, असं कचेरीतल्या बाबूने बजावलं होतं. पुरावा सोमवारपर्यंत आणायचा. आणि आज शनिवार!

"माझ्यापाशी कागद कुठला?" मावशी म्हणाली होती. "पण एकदा कुणा सेठची नवीकोरी मोटर माझ्यासमोर थांबली. सगळे हार माझेच घेतले! चौकातल्या फोटोच्या दुकानातल्या एकाने फोटोही काढला. तेव्हा माझ्या हातात हिरव्या बांगड्या होत्या."

तोच फोटो आता मुलांच्या हातात होता. पण मावशीने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि तिचा चेहरा उतरला.

"मोटर तीच वाटते रे. पण माझी बैठक उजव्या खांबाशी. इथे फूलवाली डाव्या खांबाशी बसलीय. आणि पिंपळ बघा! आपला डावीकडे आहे, हा उजवीकडे."

"मग ही तूच ना?" बाळने विचारलं.

"काय सांगू बेटा? फोटो काढताना हलली बिचारी, तोंडच दिसत नाही."

तिघांनी कमानीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा कमानीकडे पाहिलं. कमान तशीच, पण जागा ती नाही! असं कसं?

"काशीत अशा दुसऱ्या कमानी असतील," शरदिनी म्हणाली. "काकांना विचारू."

दत्तात्रेयशास्त्री, म्हणजे शरदिनीचे काका, भोसले घाटाच्या वर मुलांना वेद शिकवत. त्यांनी फोटो एकदाच पाहिला आणि हसले.

"मोटरीजवळ उघड्या अंगाचा भटजी उभा आहे ना? त्याचं जानवं कोणत्या खांद्यावर?"

"उजव्या," धुंडू म्हणाला.

"आपलं असतं डाव्या. उजव्यावर कधी घेतात? पितरांचं काम असलं की! त्याला अपसव्य म्हणतात. तेव्हा हा श्राद्धाचा भटजी. हे चित्र पिशाचमोचनच्या बाजूचं, जिथे श्राद्धं चालतात. संपलं!"

"पण काका, मोटरीला हार घातलेत. समोर नारळ फोडलाय. श्राद्धात मोटरीची पूजा?" शरदिनीने विचारलं.

"आणि तो डाव्या हाताने गंध लावतोय!" बाळ ओरडला.

"डावखुरा असेल. बाळ, मोठ्यांपुढे ओरडू नये."

तिघांच्या डोक्यातली भुणभुण मात्र थांबेना.

"खिशात कांदा ठेवा, उन्हाची लू लागेल!" आईने दारातून बजावलं. सीताबाईंना मुलांची पावलं वाजली की कोण कुठे निघालं ते कळे. "आणि रस्त्याच्या कडेने जा. शरू, बाळचा हात सोडू नकोस. मोटर बघायला निघालात, मोटरीखाली नका येऊ!"

रहमत मिस्त्री मोटरी दुरुस्त करत. त्यांनी हात पुसले, फोटो उन्हात धरला.

"वाह! पीतल के लैंप! कार्बाइड से जलते थे. ये तो जंग से पहले की गाडी है."

"म्हणजे लढाईच्या आधीची!" धुंडू उडालाच.

"ठहरो, बेटा." मिस्त्रींच्या कपाळावर आठ्या पडल्या. "गाडी चलाने का चक्का तो बायें है. यहाँ की सब गाडियों में दाहिने होता है. ब्रेक का डंडा भी बायें! बायें चक्के की गाडी हमने बनारस में एक ही देखी, एक अमरीकन पादरी की. वो भी पिछले साल आयी."

"मग दिवे जुने आणि मोटर नवी?"

"यही तो समझ में नहीं आता!"

रस्त्यात बाळ रडवेला झाला. "नंबर तरी बघू ना!"

"नंबराच्या पाटीवर हार लोंबतोय," शरदिनी म्हणाली. "जागा चुकीची, भटजी चुकीचा, हात चुकीचा, चक्र चुकीचं. एका फोटोत इतक्या चुका कशा मावल्या?"

रविवारी सकाळी धुंडू आंघोळ करून आईच्या आरशापुढे उभा होता. मुंज झालेल्या बटूने आरशात पाहू नये असं काका बजावत, तरी शेंडी किती वाढली ते रोज पाहायचा त्याचा नेम होता. एकाएकी त्याने किंकाळी फोडली.

"शरू! मी अपसव्य झालोय!"

"काय?"

"जानवं! उजव्या खांद्यावर गेलंय! काका मारतील मला!"

शरदिनीने त्याच्याकडे पाहिलं. जानवं नीट डाव्या खांद्यावर होतं. मग तिने आरशात पाहिलं. आरशातल्या धुंडूचं मात्र उजव्यावर!

"धुंडू, हलू नकोस! बाळ, फोटो आण! पळ!"

तिने फोटो आरशासमोर धरला. तिघांची डोकी एकमेकांवर आपटली.

पिंपळ डावीकडे! फूलवाली उजव्या खांबाशी! भटजीचं जानवं डाव्या खांद्यावर, गंध उजव्या हाताने, आणि मोटरीचं चक्र उजवीकडे!

"आपली कमान!" तिघंही एकदम ओरडले. आतून आई धावत आली. "कोण पडलं?"

"कुणी नाही, आई! फोटो उलटा पडलाय!"

दिनानाथमामांनी आधी कानावर हात ठेवले. "मी उलटा छापीन? वीस वर्षं काचा हाताळतोय!"

"मामा, काचेची कोणती बाजू कागदाला लावलीत?"

"मसाल्याची, जिच्यावर चित्र उमटतं ती. ती खरबरीत असते, ती कागदाला लागली तरच चित्र सुलटं येतं." त्यांनी काच हातात घेतली आणि अंगठा फिरवला. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "काल मी बघितलंच नाही वाटतं. तरीच पुसट! दोन नवरदेव डोक्यावर बसले होते गं."

त्यांनी कागद नीट लावला, चौकट उन्हात ठेवली. थोड्या वेळाने चित्र उमटलं ते असं लख्ख, की फूलवालीच्या हातातल्या बांगड्याही मोजता याव्या!

सोमवारी कचेरीत बाबूने नवा फोटो पाहिला, जुना पाहिला आणि डोकं खाजवलं.

"दोन फोटो, दोन जागा. मी मानू कोणता?"

"खुर्चीत बसून कोणताच नका मानू," शरदिनी म्हणाली. तिने दोन्ही फोटो उचलून त्याच्या हातात दिले. "कमानीपाशी चला. दोन्ही हातात धरून बघा!"

बाबू कुरकुरत आला. रस्त्यात उभा राहून त्याने फोटो वर धरला. इक्का हाकणारा गाडीवाला ओरडला, "हटो बाबूजी!" तरी तो हटला नाही. कमानीच्या डाव्या खांबाचा एक कोपरा तुटका होता. नव्या फोटोतही डावाच तुटका होता. मुलांनी बोलावून आणलेले रहमत मिस्त्री पुढे झाले. "चक्का दाहिने, लैंप पीतल के. जंग से पहले की है, हुजूर. कसम से!"

"मावशी, तशा बसा पाहू," बाबू म्हणाला.

आनंदीमावशी उजव्या खांबाशी बसली. मांडी घालून, परडी डाव्या गुडघ्याशी. फोटोत होती तशीच. फक्त हात मोकळे होते.

बाबूने पुन्हा एकदा फोटो आणि मावशी ताडून पाहिली. मग त्याने वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं, "जागा कायम."

दत्तात्रेयकाका गर्दीत मागे उभे होते. ते पुढे आले. त्यांनी तिघांच्या डोक्यांवर हात ठेवला.

"मी जानवं बघितलं आणि तिथेच थांबलो. तुम्ही नारळ बघितलात, हात बघितलात, आणि विचारत राहिलात. शाबास! धुंडू, आजपासून तुला आरसा माफ."

"आणि मला ओरडणं?" बाळने विचारलं.

सगळे हसले. गर्दीत आलेल्या सीताबाईंनी हळूच पदराने डोळे टिपले आणि मग पटकन बाळला रस्त्यावरून आत ओढलं, कारण मागून खरोखरच एक मोटर येत होती.

आनंदीमावशीला मुलांना जवळ घ्यायचं होतं, पण कमानीसमोर देवीला जाणाऱ्या बायकांची रांग लागली होती. तिने परडी पुढे सरकवली.

"सरका रे सोन्यांनो, सरका! माझ्या जागेवर गिऱ्हाईक उभं आहे!"