ओढ्याकाठचा तिळाएवढा चौकोन

मी सौनेतून बाहेर आले तेव्हा माझ्या अंगातून वाफा निघत होत्या, चेहरा लालबुंद झाला होता आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता. आणि नेमका तेव्हाच एक अनोळखी तरुण माझ्या परसात, भुरभुर पावसात उभा होता! हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला जुना नकाशा. तो एकदा नकाशाकडे बघे, एकदा माझ्याकडे.

“माफ करा... इथे एक घर असायला हवं,” तो म्हणाला.

“घर तिकडे आहे.” मी झग्याचा पट्टा आवळत बोट दाखवलं.

“ते आहेच. पण नकाशात इथे दोन चौकोन आहेत. म्हणजे दुसरं कुटुंब—”

“ते दुसरं कुटुंब म्हणजे आमची सौना.”

“म्हणजे... न्हाणीघर?”

“वाफेचं. दगड तापवायचे, वर पाणी ओतायचं आणि आत बसून शिजायचं. पुलाखालून आलात वाटतं?”

तो ओशाळून हसला. मिशिगन राज्याच्या खालच्या, दक्षिणेकडच्या अंगाकडून मोठा पूल ओलांडून जे येतात, त्यांना आम्ही थट्टेने, परीकथेतल्यासारखे, पुलाखालचे राक्षस म्हणतो. या राक्षसाच्या पापण्यांवर पावसाचे थेंब अडकले होते, आणि ते मला जरा जास्तच स्पष्ट दिसत होते.

त्याचं नाव डर्क फेनेमा. आमच्या कोइवू टाउनशिपला सव्वाशे वर्षं होत होती, म्हणून गावाच्या समितीने इतिहासाचं पुस्तक काढायला घेतलं होतं. १९३५ सालच्या नकाशावरून जुनी घरं शोधून त्यांची यादी करायला समितीने त्याला बोलावलं होतं.

“त्र्याण्णव घरं मोजलीत मी,” तो अभिमानाने म्हणाला.

मला हसू आवरेना. “अहो, आम्ही फिनिश माणसं! आमच्याकडे प्रत्येक घरामागे सौना असते. तुमच्या यादीतले निम्मे लोक अंघोळीला गेलेत!”

त्याचा चेहरा एवढासा झाला. दोन महिन्यांचं काम होतं ते. मला वाईट वाटलं आणि मी उगाच शहाणपणा केला. “सोपं आहे हो. पाण्याच्या कडेला लहानसा चौकोन दिसला की ती सौना. बिनधास्त खोडून टाका.”

हे मी म्हणाले. मीच. पुढे जे झालं त्यात दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागा नाही.

पुस्तकाची भानगड मला चांगली माहीत होती, कारण त्यावरून आइलीआत्याने घर डोक्यावर घेतलं होतं. ती माझ्या वडिलांची आत्या, म्हणून सगळ्यांचीच आत्या. वय एकोणनव्वद, आवाज विशीतला. ज्यांचं घर नकाशात सापडेल त्यांचीच नावं पुस्तकात घ्यायची, असं समितीने ठरवलं होतं. आत्याची आई हिल्मा लाकूडतोड्यांच्या तळावर स्वयंपाक करायची, आणि तिला गावात ‘बेघर हिल्मा’ म्हणत. तिचं घर कुणी पाहिलंच नव्हतं.

“घर होतं!” आत्या टेबलावर मूठ आपटायची. “मी जन्मले तिथे. दोन वर्षांची होते तेव्हा सोडलं. कुठे होतं ते आठवत नाही, म्हणून काय नव्हतं?”

मग मी डर्कबरोबर फिरायला लागले. आत्याच्या घरासाठी, असं मी सगळ्यांना सांगत होते. पहिल्या आठवड्यात ‘अहो-जाहो’ संपलं, दुसऱ्या आठवड्यात तो माझ्या डब्यातला वेलचीचा निसू पाव न विचारता खायला लागला. तो मला नकाशा वाचायला शिकवायचा. निळं म्हणजे पाणी. तपकिरी रेषा जवळ आल्या की चढ. चौकोनावर झेंडा असला की शाळा. आणि एखाद्या उजाड माळावर थांबून तो हळूच म्हणायचा, “इथे बारा मुलं पाढे म्हणायची, साइमा...” आणि मला त्या गवतातून खरंच आवाज यायचा. ज्या वाटांनी मी जन्मभर ये-जा केली, तिथे एवढी माणसं होती! मी गप्प व्हायचे. मी गप्प होणं ही आमच्या घरात बातमी असते.

“एवढी शांत का?” तो विचारायचा.

“डास तोंडात जातात म्हणून.”

“खोटारडी.”

पण हिल्माचं घर काही सापडलं नाही. सौना खोडल्यावर उरलेल्या एकोणपन्नास घरांना मालक मिळाले, त्यांत ती नव्हती. पुस्तक सोमवारी छापायला जाणार होतं, आणि डर्क रविवारी पुलाखाली परत जाणार होता. दोन्ही गोष्टी मला सारख्याच बोचत होत्या... खरं सांगायचं तर दुसरी जरा जास्त.

शनिवारी सकाळी तो निरोपाच्या कॉफीला आला. आत्या रुसून खिडकीशी बसली होती. त्याने तिला बोलतं करायला विचारलं, “तुमच्या वडिलांनी आईला मागणी कशी घातली?”

“कशी म्हणजे? विचारलं, सौना ओढ्याच्या कुठल्या काठाला बांधू? आई म्हणाली, या काठाला. झालं.”

“बस? एवढंच?”

“मग काय, गाणं म्हणायचं?” आत्या फणकारली, पण तिचा आवाज मऊ झाला. “आई सांगायची, घर एवढं बुटकं की उभं राहिलं की डोकं छताला लागायचं. भिंती काळ्या कुळकुळीत. अंगणात आंबट देठांचा रुबार्ब...”

“भिंती काळ्या का होत्या?” डर्कने विचारलं.

साधा प्रश्न. पुलाखालच्या माणसाने विचारलेला. आम्ही मात्र ही गोष्ट शंभर वेळा ऐकली होती आणि एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या हातातला कप बशीवर आदळला.

“धुराने!” मी ओरडले. “जुन्या सौनांना धुराडं नसायचं! डर्क, आमची माणसं जंगलात आली की आधी सौना बांधायची. तीत राहायची, तीत बाळंत व्हायची. मग सवडीने घर. डर्क... खोडलेले चौकोन काढ!”

चव्वेचाळीस चौकोन होते. त्रेचाळिसांच्या शेजारी घर होतं. एकाच्या शेजारी काहीच नव्हतं. उत्तरेच्या जंगलात, निळ्या रेषेला टेकून एकटाच बसलेला, त्याच्यावर लाल फुली. माझ्याच सांगण्यावरून मारलेली. माझ्या आत्याचं घर मीच पुसलं होतं.

आत्या तोवर बूट घालत होती.

लाकूड वाहणाऱ्या ट्रकांची वाट संपली तिथे पिकअप थांबवली. पुढे आत्या डर्कच्या दंडाला धरून चालली, एका हाताने डास मारत, दुसऱ्याने त्याला चिमटे काढत. “नीट चाल रे, राक्षसा.” रानसफरचंद फुललं होतं. ओढ्याचा आवाज आला, आणि डर्क थांबला.

“इथेच.”

आधी रुबार्ब दिसला. छातीएवढा वाढलेला, रुंद पानांचा, लाल देठांचा, कुणी लावल्याशिवाय जंगलात येणार नाही असा. त्याच्या पलीकडे दगडांचा ढीग, आगीने काळे पडलेले, तडकलेले. आत्या खाली वाकली आणि एका दगडावर तळहात ठेवून तशीच राहिली.

मला त्या नकाशावाल्या माणसाची आठवण आली. कधी न पाहिलेल्या माणसाची. नव्वद वर्षांपूर्वी तो या झाडीतून चालत आला असेल, धूर पाहिला असेल, आणि कागदावर तिळाएवढा चौकोन काढून निघून गेला असेल. त्या तिळात एक बाई होती, तिचा नवरा होता, आणि दात न आलेली माझी आत्या होती. एवढं सगळं एवढ्याशा जागेत मावलं होतं! मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

“साइमा, इकडे ये,” डर्कने वीस पावलांवरून हाक मारली. शेवाळलेले तीन मोठे दगड, आणि त्याने गवत बाजूला केलं तेव्हा चौथा. चार कोपरे.

“घराचा पाया,” आत्या मागून येत म्हणाली. ती त्यांतल्या एका दगडावर बसली. “हे दगड ठेवले त्याच हिवाळ्यात बाबांच्या अंगावर झाड पडलं. घर राहूनच गेलं.”

डर्कने नकाशा गुडघ्यावर पसरला. लाल फुली खरवडून काढली, चौकोन शाईने काळा केला आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं— हिल्मा निएमेला यांचं घर. आत्याने ते दोनदा वाचलं. मग रुमाल काढून नाक शिंकरलं, मोठ्ठ्याने.

मी ओढ्यात चेहरा धुवायला गेले. तो मागोमाग आला. बराच वेळ नुसता नकाशाची गुंडाळी करत राहिला. उलटी.

“तुझ्या परसामागे ओढा आहे ना?” त्याने विचारलं.

“हाच. तिथे जरा रुंद होतो.”

“मग... सौना त्याच्या कुठल्या काठाला बांधू?”

“आमच्याकडे आहे की सौना.”

“तुमच्याकडे आहे.” त्याचे कान लाल झाले होते. “मी ‘आपली’ म्हणतोय.”

मी त्याच्या हातातली गुंडाळी घेतली, सुलट केली, उघडली, आणि आमच्या परसावर बोट ठेवलं.

“या काठाला. त्या काठाला दलदल आहे. नकाशा वाचता येत नाही का तुला?”

तो हसला आणि त्याने माझं बोट तसंच धरून ठेवलं, कागदावर, त्या रिकाम्या जागेवर.

“बांधा, बांधा,” दगडावर बसलेली आत्या ओरडली. “पण घरही बांधा रे! नुसते दगड ठेवून जाऊ नका.”