पहाटेची सून

माझे वडील गुलबर्गा स्टेशनात रात्रपाळीला असत, त्यामुळे आमच्या घराला लवकर निजायची सवयच नव्हती. आई शिलाईच्या मशीनवर बसे, मी पुस्तक घेऊन. गल्ली शांत झाली की माझं डोकं चालायला लागे. बी.एस्सी.चा सगळा अभ्यास मी असाच केला. सकाळी मात्र कुणी कितीही हलवलं तरी मला जाग येत नसे. आईनं त्याचा कधी बाऊ केला नाही.

२००३ साली लग्न होऊन मी मन्नाएखेळ्ळीला आले. माझ्या सासूबाईंचं, सावित्रीबाईंचं, हायवेला लागून हॉटेल होतं. पुढं पत्र्याची शेड आणि बाकं, मागं अंगण, अंगणाला लागून लाल दगडाच्या दोन खोल्या. सोलापूरकडून हैदराबादला जाणाऱ्या लॉऱ्या तिथं अंधार असतानाच थांबत. त्याआधी चूल पेटवून इडल्या लावायच्या, चुरमुरे भिजवून सुसला करायचा, चहाचं आधण ठेवायचं. सासरे गेल्यापासून सासूबाईंनी हे एकटीनं ओढलं होतं. आता त्यांचे गुडघे धरले होते, आणि घरात सून आली होती.

माझे पती नरसिंग हैदराबादेजवळ पाटनचेरूला एका कंपनीत होते. पंधरवड्यातून एकदा घरी येत. मलाही तिकडं न्या, असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की आपली पहिली पाळी असते, उजाडायच्या आत डबा लागतो. तू आधी इथं उठायला शीक, मग बघू. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

मला ते जमलं नाही. उशाशी गजर लावला, डोळ्यांना गार पाणी लावून पाहिलं. रात्रभर छपराच्या पत्र्याकडं बघत पडायची, आणि नेमकी पहाटे दगडासारखी झोप लागायची. सासूबाई ओरडत नसत. दाराबाहेर भांडी जरा जोरात ठेवत, एवढंच. गिऱ्हाइकांपुढं म्हणत, "सून शिकलेली हाय आमची. तिला उशिरा उजाडतंय."

पुढच्या हिवाळ्यात एक दिवस तोंडावर ऊन आलं तेव्हा जाग आली. मी तशीच धावत हॉटेलात गेले. सासूबाई बाकावर पाय पसरून बसल्या होत्या, हातात चहाची बशी. मला बघून हसल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच. म्हणाल्या, पडायचं होतंस अजून घटकाभर, पहाटेपासून उभी आहेस.

मला तो टोमणा वाटला. पण इडलीची भांडी घासून पालथी घातलेली होती, पिंपं भरलेली होती, आणि सासूबाईंचे हात कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. मग रोजच होऊ लागलं. झोपेत उठून कामं करणारी माणसं असतात, हे मी वाचलं होतं. मी उठल्याबरोबर स्वतःला तपासायला लागले. तळपायाला माती नसे. नखांत पीठ नसे. केसांना धुराचा वास नसे. तरी मी झोपेतच उठत असणार असं मानलं, कारण दुसरं काही मानण्यासारखं नव्हतं. आमच्या घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. भूतखेत कुणी तोंडातून काढत नसे. सासूबाईंना एकदा सहज विचारलं, मी पहाटे कशी असते? त्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, गप असतेस. बरं असतंय ते.

दूध घालणारी शरणम्मा एका दुपारी रस्त्यात भेटली. मी तिला हाक मारली तर ती दोन पावलं मागं सरली.

"पहाटे किती बोलावलं तरी मान वर करत न्हाईस," ती म्हणाली. "आता कामून बोलायलीस?"

मी काही उत्तर देण्याआधी तिनं माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि हळूच विचारलं, "तू तीच हाईस न्हवं?"

त्या रात्री मी खोलीच्या कडीला आतून कुलूप घातलं. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात बांधली. अंगावर हिरवी साडी होती. तिचा काठ आदल्या आठवड्यात खिळ्याला लागून फाटला होता, आणि हिरवा दोरा सापडला नाही म्हणून मी काळ्यानंच वेडेवाकडे टाके घातले होते.

जाग आली तेव्हा कुलूप जागच्या जागी होतं. किल्ली गळ्यात होती. दार उघडून मी अंगणात आले. दोरीवर एक हिरवी साडी वाळत घातली होती. नुकतीच पिळलेली, खालच्या फरशीवर पाणी ठिबकत होतं. मी काठ हातात घेऊन बघितला. त्यावर काळे टाके होते, वेडेवाकडे. मग मी अंगावरच्या साडीचा काठ चाचपला. टाके तिथंही होते.

हॉटेलात सासूबाई कुणाशी तरी बोलत होत्या. मी पोचले तेव्हा त्या एकट्याच होत्या.

त्यानंतर माझी झोप वाढत गेली. आधी ऊन उंबऱ्यावर असताना मी उठायची. मग ते भिंतीवर चढल्यावर, मग डोक्यावर आल्यावर. रात्रीही डोळे जड व्हायला लागले. ज्या रात्रींवर मी वाढले त्या मला पुरेनाशा झाल्या. शेडच्या खांबाला नाणी टाकायचा लाल फोन होता. नरसिंगांचा फोन पूर्वी रात्री येई. आता मी विचारलं की सासूबाई म्हणत, सकाळीच येऊन गेला की, बोललीस की तू. चांगलं हसून बोललीस.

म्हणजे ती आता बोलायला लागली होती. काय बोलली, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

शेवटी एका रात्री मी ठरवलं की निजायचंच नाही. खोलीच्या मधोमध उभी राहिले. भिंतीला टेकलेसुद्धा नाही. पहिली लॉरी थांबली, तिच्या ब्रेकचा सुस्कारा ऐकू आला, तशी मी दार उघडून अंगण ओलांडलं. बोटं आखडतील अशी थंडी होती. पलीकडच्या तुरीच्या रानातून एकही किडा ओरडत नव्हता.

हॉटेलचं मागचं दार अर्धं उघडं होतं. आत वाफ दाटली होती, आणि वाफेत पिवळा दिवा. सासूबाई चुलीत लाकूड सारत होत्या. त्यांच्या पलीकडं एक बाई पाठमोरी उभी राहून साच्यांत पीठ ओतत होती. पदर डावीकडं खोचलेला, मी खोचते तसा. अंबाड्याखाली मानेवर तीळ होता. माझ्या मानेवर तिथं तीळ आहे हे मला आईनं सांगितलं होतं. मी स्वतः तो कधी पाहिला नव्हता. त्या पहाटे पहिल्यांदा पाहिला.

सासूबाईंनी मान वळवली. मला बघितलं. त्या दचकल्या नाहीत.

हात पुसत त्या दाराशी आल्या आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"जा, नीज," त्या कुजबुजल्या. "तिला कळू देऊ न्हको."

पीठ ओतणारा हात थांबला.

ती वळली नाही. नुसती ऐकत उभी राहिली.

मी मागं फिरले. अंगणाच्या मध्यापर्यंत येते तोच डोळे मिटायला लागले. कशीबशी खोलीत शिरले, आणि अंगावर कुणी घोंगडं टाकावं तशी झोप आली.

जाग आली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. खाटेखाली माझी पेटी नव्हती. खुंटीवर एकही साडी नव्हती.

सासूबाई हॉटेलात भजी तळत होत्या. मी पेटीचं विचारलं. त्या तेलाकडंच बघत राहिल्या. म्हणाल्या, नरसिंग सकाळच्या गाडीनं आला होता. तिकडं खोली मिळाली त्याला. बायकोला घेऊन गेला.

"मी हितं हाय की, आत्या," मी म्हणाले.

आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. त्यांना माझी भीती वाटत होती.

"व्हय," त्या म्हणाल्या. झाऱ्यातली भजी निथळून त्यांनी ताटात टाकली. "पर पहाटेला आता दुसरं कुणी न्हाई. उद्यापासनं तुलाच उठावं लागंल."

दिवेलागणीला फोन वाजला. सासूबाईंनी घेतला. पोचलाव का, जेवलाव का, असं विचारलं. मग नुसत्याच ऐकत राहिल्या, दोनदा व्हय म्हणाल्या, आणि रिसीव्हर माझ्यापुढं धरला.

मी तो कानाला लावला. पलीकडं कुकरची शिट्टी झाली. नरसिंग काहीतरी म्हणाले आणि हसले. मग अगदी जवळून, मायेनं, माझाच आवाज आला.

"झोप झाली का?"