भूल उतरल्यावर

आमची पहिली भेट झाली ती एका बाथरूमच्या दाराशी. प्रेमाची गोष्ट कुणी अशी सुरू करत नाही, मला ठाऊक आहे. पण घडलं ते असं, त्याला माझा इलाज नाही.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या अगदी टोकाला संशोधन विभागाची खोली होती. ज्या घराण्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर पुन्हापुन्हा होतो, अशा घराण्यांचा अभ्यास तिथे चालू होता. माझ्या आईला तो पंचेचाळिसाव्या वर्षी झाला. ऑपरेशन होऊन ती खडखडीत बरी झाली, पण तिच्या जनुकात सापडलेला दोष माझ्यातही निघाला. म्हणून मी दर सहा महिन्यांनी तिथे जाऊन रक्त द्यायचे आणि वर्षातून एकदा दुर्बिणीने आतडं तपासून घ्यायचे. त्या तपासणीच्या सकाळी दोन लिटर औषध प्यावं लागतं. लिंबाच्या सरबतात कुणीतरी मीठ आणि साबण विरघळवलाय, अशी त्याची चव. ते प्यायलं की पोट साफ होतं... 'साफ' हा शब्द फारच सौम्य आहे म्हणा.

त्या सकाळी खोलीत दोन खुर्च्या होत्या, औषधाचे दोन जग होते आणि बाथरूम एकच होतं. समोरच्या खुर्चीत एक उंच, सावळा, बत्तीस-तेहतिशीचा माणूस बसला होता. अभ्यासात नावं गुप्त ठेवायची असतात, म्हणून तिथल्या सिस्टर सगळ्यांना नंबरानेच हाक मारायच्या. मी सत्तेचाळीस. तो अठ्ठेचाळीस. त्याची पहिलीच वेळ होती हे प्रत्येक घोटागणिक त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तिसऱ्या ग्लासानंतर आम्ही दोघं एकदमच उठलो. त्याचा हात आधी दाराच्या कडीवर पडला. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. मग त्याने दार उघडलं, बाजूला सरकला आणि म्हणाला, "तुम्ही आधी."

माझं ते दुसरं वर्ष होतं. त्या दोन शब्दांत केवढा त्याग होता, हे मला नीट कळत होतं. मी बाहेर आले तेव्हा तो भिंतीला टेकून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. नंतर मी विचारलं, तर म्हणाला, पुलाचे खिळे मोजत होतो. मला वाटलं, औषध डोक्यात गेलं. पण नाही, त्याचं कामच ते होतं. तो पुलांचा तपासनीस होता. हातात छोटी हातोडी घेऊन लोखंडी पुलांखाली फिरायचं, ठोकून आवाज ऐकायचा आणि कुठे गंज लागलाय, कुठे भेग पडतेय, ते वेळेत शोधून काढायचं.

आमचे नंबर लागोपाठचे असल्यामुळे सहा महिन्यांनी रक्ताची तारीखही एकच आली. आणि मी... त्या दिवशी जरा बरा ड्रेस घातला होता. वहिनीच्या नजरेतून ते सुटलं नाही. रक्त द्यायला एवढी नटून कोण जातं, असं तिने दादाला मुद्दाम मला ऐकू येईल अशा बेताने विचारलं.

रक्त देऊन झाल्यावर आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला. दंडाच्या घडीत कापूस दाबून धरलेला, त्यामुळे दोघांचा एकेक हात वाकवलेला. कप कसाबसा सावरत त्याने सांगितलं की त्याचा थोरला भाऊ सहा वर्षांपूर्वी याच आजाराने गेला. अडतिसाव्या वर्षी. शेवटच्या महिन्यांत तो या अभ्यासात दाखल झाला होता. आपल्याला याचा काही उपयोग नाही हे माहीत असूनही रक्त दिलं, गाठीचा तुकडा ठेवू दिला, तासन् तास बसून प्रश्नांची उत्तरं दिली. त्याच्यामुळे घराण्यातला दोष नेमका कळला. आता हा दोष धाकट्यातही आहे का, याची तपासणीही झाली होती. निकाल बंद पाकिटात तयार होता. पण तो हवा की नको, हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतो, आणि याने निकाल घेतलाच नव्हता.

मला हसूच आलं. "दुसऱ्यांच्या पुलांना भेगा शोधत फिरता, आणि स्वतःचं पाकीट बंद?"

"पुलाला कळलं की आपल्याला भेग आहे, तर त्याची झोप उडत नाही," तो म्हणाला. तोही हसला, पण डोळे हसले नाहीत. मग मी त्याला पुढे छेडलं नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काच घासायचं काम करते. पंधरा दिवसांनी तो तिथे हजर. चष्म्याला ओरखडा पडलाय म्हणाला. ओरखडा मी भिंगाखाली पाहिला. चक्क सरळ रेषेत होता, खिळ्याने ओढल्यासारखा. मालक जेवायला गेले होते, म्हणून नंबरही मीच तपासला. त्याच्या नाकावर जड फ्रेम बसवली, एकेक काच बदलत विचारत गेले... ही बरी, की ही? तो प्रत्येक वेळी दोन्ही सारख्याच म्हणायचा. समोरच्या अक्षरांकडे बघा, असं मला तीनदा सांगावं लागलं.

मग तो येत राहिला. कधी फ्रेमचा स्क्रू सैल झाला म्हणून, कधी नुसताच. एका रविवारी त्याने मला त्याचा आवडता पूल दाखवला. आम्ही नदीकाठाने खाली उतरलो. भुरभुर पाऊस होता, पुलाखाली मात्र कोरडं. त्याने मला एका खांबाला कान लावायला सांगितलं आणि दूर जाऊन हातोडीने हलकेच ठोकलं. लोखंडातून तो आवाज असा आला, जणू कुणी माझ्याच छातीत ठोकलं. धडधाकट आहे, तो लांबून म्हणाला. पुलाबद्दलच म्हणाला असणार.

त्याच दिवशी मी त्याला सांगून टाकलं. कारण मागे एकदा न सांगता मी भोगलं होतं. एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं, आणि माझ्या दर वर्षीच्या तपासणीचं कळल्यावर त्यांच्याकडून फोन यायचा तो आलाच नाही. म्हणून मी सरळच म्हटलं, की दोष माझ्यात आहे. निकाल मी दोन वर्षांपूर्वीच घेतलाय. पुढेमागे मुलं झाली, तर त्यांच्यात तो उतरायची शक्यता निम्मी.

त्याने हातोडी पिशवीत ठेवली. मग मला घरापर्यंत सोडलं, नीट जा म्हणाला... आणि गेला.

आठ दिवस फोन नाही, ओरखडा नाही, स्क्रू नाही. मी काचा घासत राहिले. दोन काचा फुकट घालवल्या. आईला काही सांगितलं नव्हतं, तरी ती रोज रात्री माझ्या ताटात एक पोळी जास्त वाढायची आणि मी ती तशीच ठेवायचे.

नवव्या दिवशी दुकान बंद करायच्या वेळी तो आला. दाढी वाढलेली. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, मी निकाल घेतला. तुम्ही एवढं सगळं उघड सांगितलंत आणि मी मात्र झाकून ठेवलं होतं, ते मला बरं वाटेना. मी कागद उलगडला. त्याच्यात दोष नव्हता. त्याला आता दर वर्षी ते औषध प्यायची गरज नव्हती, दुर्बीण नव्हती, काही नव्हतं.

मला इतका आनंद झाला की मी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. वर पाहिलं, तर तो रडत होता.

"दादा गेला आणि मी सुटलो," तो म्हणाला. "त्याच्याच रक्तामुळे मला हे कळलं. आणि ही बातमी तुमच्यापुढे कशी ठेवायची, तेच आठ दिवस कळत नव्हतं. तुमच्यात आहे आणि मी... सुटल्याचा कागद घेऊन येऊ?"

"आणायचा," मी म्हटलं. "सगळ्यात आधी माझ्याकडे आणायचा. तुझी चांगली बातमी मला सोसणार नाही, असं वाटलं तुला?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते मला कळलंच नाही. त्याला मात्र कळलं. त्याने चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिला.

तो अभ्यासातून मोकळा झाला. दोन महिन्यांनी माझी वर्षाची तपासणी आली. तपासणीत हलकी भूल देतात, म्हणून घरी न्यायला कुणीतरी सोबत लागतं. वहिनीला मी येऊ नको म्हटलं. ती नुसतीच हसली आणि त्याच्यासाठीही डबा भरून दिला.

समोरची खुर्ची रिकामी होती, पण या वेळी तो माझ्या शेजारी स्टुलावर बसला होता आणि प्रत्येक ग्लास माझ्या हातात देत होता. सिस्टर फॉर्म भरायला आल्या. सोबत आलेल्याचं पेशंटशी नातं काय, असं त्यांनी पेन सरसावून विचारलं.

तो म्हणाला, "अजून विचारलेलं नाही. आज भूल उतरली की विचारतो."

सिस्टरांचं पेन थांबलं. वीस वर्षं त्यांनी लोकांकडून संमतीपत्रं भरून घेतली होती. चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्या म्हणाल्या, "भुलीनंतर दिलेली संमती आमच्याकडे ग्राह्य धरत नाहीत. चोवीस तास थांबावं लागेल." आणि रकान्यात 'स्नेही' लिहून त्या निघून गेल्या. दाराबाहेर गेल्यावर त्यांचं हसणं मला ऐकू आलं.

भूल उतरली तेव्हा आधी त्याचा चेहरा दिसला, आणि त्यावरूनच कळलं की काहीतरी सापडलंय. आतड्यात एक गाठ उगवली होती. तपासतानाच ती काढून प्रयोगशाळेत पाठवली होती. अहवाल दहा दिवसांनी मिळणार होता.

दुसऱ्या दिवशी बरोबर चोवीस तासांनी तो आमच्या घरी आला. आई आणि वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे अचानक अगदी शांतता झाली. त्याने विचारलं. साध्या शब्दांत विचारलं, ते शब्द मी कुणाला सांगत नाही. मी म्हटलं, अहवाल येऊ दे. तो म्हणाला, माझं त्याच्यावर काही अवलंबून नाही.

"माझं आहे," मी म्हटलं. "घाबरलेली असताना मला हो म्हणायचं नाहीये."

त्याने मान हलवली. त्यानंतरचे नऊ दिवस तो रोज संध्याकाळी यायचा, दादाशी पत्ते खेळायचा आणि हरायचा. त्या प्रश्नाबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही.

दहाव्या दिवशी आम्ही दोघं हॉस्पिटलमध्ये गेलो, तेव्हा अहवाल सांगायला अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर स्वतः आल्या. गाठीतल्या पेशी बदलायला लागल्या होत्या. पण होत्या त्या गाठीतच, आणि गाठ मुळासकट निघाली होती. आता फक्त नियमित तपासण्या. पूर्वी आम्ही तुमच्यासारख्यांना तीन वर्षांनी बोलवायचो, त्या म्हणाल्या. एक वर्ष ठरलं ते आधीच्या तुकडीतल्या लोकांच्या नोंदींवरून. तीन वर्षं थांबलो असतो तर आज मी वेगळं काही सांगत असते. "त्यातले बरेच जण आज नाहीत," त्या हळूच म्हणाल्या.

मी शेजारी पाहिलं. तो खाली बघत होता. कधी न पाहिलेला त्याचा थोरला भाऊ मला त्या क्षणी इतका जवळचा वाटला... स्वतःसाठी काही उरलेलं नसताना तो इथे येऊन बसला होता, प्रश्नांची उत्तरं देत. त्याचे आभार मानायला आता तो नव्हता. मी त्याच्या धाकट्या भावाचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "हो."

"काय हो?" त्याला काही उमगलंच नाही.

"विचारलं होतंस ना... त्याचं उत्तर."

डॉक्टरांनी लगेच फाइल उघडली आणि फार लक्ष देऊन वाचायला लागल्या.

पण खरी भीती पुढेच होती. त्याची आई. जिचा एक मुलगा या आजाराने नेला, तिच्या घरात मी तोच दोष घेऊन जाणार होते. त्याने तिला सगळं सांगितलं होतं, आणि ती यावर काहीच बोलली नव्हती. तिला आधी मला बघायचं होतं.

दार तिनेच उघडलं. लहानखुरी बाई, केस सगळे पांढरे. मला आपल्याशेजारी बसवलं, पाणी दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "तारीख सांग."

मी गडबडले. लग्नाचं अजून काही ठरलेलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने खांदे उडवले. आमच्या घरचे बसून ठरवतील, असं काहीतरी मी बोलले.

"लग्नाची नाही गं. तुझ्या पुढच्या तपासणीची."

मी सांगितली. ती उठली, चष्मा लावला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत त्या महिन्यापर्यंत गेली. तारखेभोवती पेनाने गोल केला, एकदा पुरेनासा वाटला म्हणून पुन्हा गिरवला.

"माझ्या मोठ्याला कुणी वेळेवर पाहिलं नाही," ती पाठमोरीच म्हणाली. "तुला पाहतात. मग मी कशाला भिऊ?" मग वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी सोबत मी येणार. हा बसू दे बाहेर."